खवले मांजर, क्रमांक त्र्याहत्तर

घोडपदेवच्या इतिहासात कुठल्याही गोष्टीचा संपूर्ण संच बाळगणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे बुद्धभूषण गमरे. हा इतिहास अर्थात अजून कोणी लिहिलेला नाही. लिहिलाच तर तो स्वतः बुद्धभूषणच लिहील, आणि वाचलाच तर त्याची बायको कालिंदी वाचेल, तीही फक्त आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला.

संच होता टिंकू बबलगमच्या कार्डांचा. शाळेत असताना हे बबलगम मिळायचं. गम दोन मिनिटांत रबरासारखं व्हायचं, पण त्याच्याबरोबर एक पत्त्याएवढं कार्ड यायचं. पुढे प्राण्याचं रंगीत चित्र, मागे त्याचं वजन, लांबी, वेग आणि आयुष्य. दोघांनी आपापलं कार्ड झाकून धरायचं, एकाने "वेग" म्हणायचं, ज्याचा प्राणी जास्त पळेल त्याने दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. एकूण प्राणी एकशेवीस. बुद्धभूषणकडे होते एकशेएकोणीस, आणि ते छत्तीस वर्षं माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मुकाट पडून होते.

त्यांना खाली उतरवलं एका जाहिरातीने. गिरगावातल्या छंदमित्र मंडळाने दोन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. पोस्टाची तिकिटं, काड्यापेट्यांची लेबलं, जुनी कार्डं, काहीही चालणार होतं. अट एवढीच की संच संपूर्ण असला पाहिजे. प्रत्येक टेबलावर मंडळ एक पाटी लावणार होतं: नाव, गाव, आणि खाली 'संपूर्ण संच'.

बुद्धभूषणचा जीव अडकला तो त्या पाटीत. एका सरकारी महामंडळाच्या रेकॉर्ड विभागात त्याने चोवीस वर्षं काढली होती. या काळात त्याने काही लाख माणसांची नावं सुवाच्य अक्षरात नोंदवली. स्वतःचं नाव मात्र हजेरीपटापलीकडे कुठे लागलं नव्हतं. घराच्या दारावर वडिलांची पाटी होती आणि ती उतरवणं त्याच्या मनातही येत नव्हतं. गॅसचं पुस्तक कालिंदीच्या नावावर होतं. विजेचं बिल अजून आजोबांच्या नावाने येई आणि आजोबा ते वारल्यापासून गेली एकतीस वर्षं वेळेवर भरत होते. तेव्हा आयुष्यात एकदा, भर गिरगावात, चार लोकांसमोर 'बुद्धभूषण गमरे, घोडपदेव' अशी पाटी दिसावी, यात फार काही मागणं होतं असं नाही.

मंडळाचे चौदा नियम होते. ते वाचणारा तो बहुधा पहिलाच स्पर्धक. पंधरावा नियम त्याने स्वतःहून पाळला: सरकारी नोकराने प्रदर्शनात भाग घ्यायचा तर वरिष्ठांची परवानगी हवी, असं त्याचं मत पडलं. ती त्याच्याकडे कोणी मागितली नव्हती. त्याने तीन प्रतींत अर्ज केला. विभागप्रमुख मृणालिनी मॅडम सहीच करणार होत्या, पण अर्ज चुकून वरच्या मजल्यावर गेला आणि सात आठवड्यांनी शेरा घेऊन खाली आला: "सदर प्राणी कार्यालयीन वेळेत सांभाळावे लागतात काय, याबाबत खुलासा व्हावा." बुद्धभूषणने खुलासा केला. प्राणी पुठ्ठ्याचे असून त्यांना खाणेपिणे लागत नाही, असं त्यात स्पष्ट नमूद केलं. मृणालिनी मॅडमनी परवानगीच्या कागदावर सही करताना एवढंच म्हटलं, "गमरे, तुमच्यासारखी चार माणसं असती तर हे ऑफिस कधीच बंद पडलं असतं." ही स्तुती आहे असं धरून तो घरी आला.

मग सुरू झाली मांडणी. इथे बुद्धभूषण आपल्या अंगणात होता. छंदी माणसं कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात घालतात हे त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि त्याला हसू आलं होतं. पाकिटातून कागद पडतो. चोवीस वर्षांत त्याच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता, कारण त्याचा प्रत्येक कागद पंच करून टॅगमध्ये ओवलेला असे. त्याने लालबागहून एक रबरी शिक्का करून आणला: 'गमरे संग्रह, आवक क्रमांक, दिनांक'. एका रविवारी जमिनीवर चटई टाकून तो बसला आणि एकेका प्राण्याला आवक क्रमांक देत गेला. शिक्का दर्शनी भागावर, जनावर आणि दिनांक दोन्ही वाचता येतील असा. जिराफाच्या मानेवर तो आडवा बसेना, म्हणून उभा मारला. मग दोन भोकं, डाव्या कडेने, सगळी एका रेषेत. हत्तीचं एक भोक नेमकं डोळ्यात आलं. त्याला इलाज नव्हता. हत्तीसाठी रेषा मोडली असती तर उद्या पाणघोड्यानेही सवलत मागितली असती.

कालिंदी परळच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. ती ड्यूटीवरून आली तेव्हा वाघाला भोक पडत होतं.

"अहो, भोकं कशाला?"

"सुटं राहिलं तर जबाबदारी कोणाची?"

ती चहा ठेवायला गेली. वीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे तिला कळलेलं आहे.

शेवटी रजिस्टर तयार झालं. अनुक्रमांक, प्राण्याचे नाव, कोणाकडून प्राप्त, सद्यःस्थिती, शेरा. 'सिंह: रमेश पाटणेकडून जिंकून, आयाळ फिकी.' 'झेब्रा: वर्गात सापडून, पट्टे शाबूत.' 'अस्वल: एक कान उंदराने नेला.' सगळी पानं भरली, फक्त त्र्याहत्तराव्या ओळीत 'खवले मांजर' लिहून पुढचे रकाने कोरे राहिले. तेवढं एकच कार्ड त्याच्याकडे नव्हतं. कारणही उघड होतं. खवले मांजराला सांगण्यासारखं वजन नाही, लांबी नाही, वेग तर नाहीच. खेळात ते सहसा कोणालाच हरवत नसे, म्हणून ज्याला मिळालं त्याने ते फेकून दिलं. बिनकामाचं म्हणून टाकलेलं तेच नेमकं रेकॉर्डला कमी पडतं, हा बुद्धभूषणचा चोवीस वर्षांचा अनुभव इथेही खरा ठरला.

चाळीच्या गॅलरीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या राधाबाईंनी डब्यात कडुलिंबाचा पाला टाकायला सांगितलं, खवले मांजर आपोआप येईल अशा सुरात. दोन खोल्या पलीकडचा दत्ताराम परब, बालवाडीपासूनचा मित्र, कठड्याला टेकून सगळं ऐकून घेई आणि रोज एक उपाय सुचवी. चित्र काढून घे. फोटो छाप. त्याच्या गावी, मालवणाकडे, खरं खवले मांजर घराच्या मागच्या परड्यात यायचं, तेही त्याने तीनदा सांगितलं. बुद्धभूषणने त्याला कळवळून विचारलं की हे कार्ड मुंबईत कुठे मिळेल. दत्तारामने विचार करून सांगितलं, "कठीण आसा मरे, भूषण. खूप कठीण."

तेव्हा बुद्धभूषणने जाहिरात दिली. मोबाइलवरच्या दोन-तीन ग्रुपवर आणि जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवर. मजकूर त्याने स्वतः तयार केला, कमी शब्दांत, मुद्देसूद: "खवले मांजर हवे आहे. डाग नसावेत, कोपरे शाबूत असावेत. व्यवहार परळ-भायखळा परिसरात प्रत्यक्ष भेटून. चौकशी गुप्त ठेवली जाईल." हे शेवटचं वाक्य त्याने दुसऱ्या संग्राहकांना सुगावा लागू नये म्हणून टाकलं होतं. 'कार्ड' हा शब्द टाकायचा राहून गेला, कारण त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरं कुठलं खवले मांजर नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी फोन आला. माल आहे, भेटा. शनिवारी सकाळी अकराला चिंचपोकळी स्टेशनबाहेरच्या रसवंतीत दोन माणसं आणि एक बाई बसली होती. बुद्धभूषणने तिघांनाही रस सांगितला. एका माणसाने हळू आवाजात विचारलं की केवढ्या वजनाचं हवंय. बुद्धभूषण म्हणाला, वजन मागे लिहिलेलं असतं. ते एकमेकांकडे बघू लागले.

"जिवंत पाहिजे की नुसते खवले?" बाईंनी विचारलं.

"नुसतं चित्र पुरे," बुद्धभूषण म्हणाला. "पण ओरिजिनल. झेरॉक्स मी घेणार नाही."

तेव्हा बाईंनी ओळखपत्र काढलं. त्या वन खात्याच्या अधिकारी होत्या. खवले मांजराची तस्करी किती मोठा गुन्हा आहे हे त्यांनी त्याला रस संपेपर्यंत समजावून सांगितलं, आणि मग सगळे जबाबासाठी त्यांच्या कार्यालयात गेले. चूक कोणाची म्हणाल तर त्यांची नव्हतीच. मजकूर वाचून कोणीही तेच समजलं असतं. बुद्धभूषणला मात्र खंत वेगळीच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावाने एक स्वतंत्र फाइल उघडली गेली होती आणि तिच्यावर जावक क्रमांक नव्हता. त्याने तो घालून घेतला. जबाबात तीन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. 'आरोपी' या शब्दाच्या जागी 'संग्राहक' असावं हा त्याचा मुद्दा मान्य झाला नाही, पण 'सदर इसम' यावर तडजोड झाली.

पुरावा म्हणून कालिंदीला संग्रह घेऊन बोलवावं लागलं. ती रात्रपाळी करून आलेली, टॅक्सीतून एकशेएकोणीस प्राणी पिशवीत घालून उतरली.

"अहो, माणूस सापडतो लाच घेताना, सापडतो बाईच्या भानगडीत," ती दारातच म्हणाली. "तुम्ही सापडलात ते मांजराच्या."

अधिकारी बाईंनी फाइल उघडली. वाघ, बिबट्या, गेंडा. एकेक पान उलटत त्या म्हणाल्या की यातले निम्मे प्राणी बाळगले तर जन्मठेप नाही तरी तिच्या आसपास काहीतरी होईल. मग रजिस्टर हातात घेतलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आतल्या खोलीतल्या साहेबांना दाखवून आणलं. परत देताना म्हणाल्या, "आमच्याकडे खऱ्या प्राण्यांचं असं रजिस्टर नाहीये हो."

जामीन वगैरे काही लागलं नाही, ताकीद देऊन सोडलं. पण त्या वाक्याने बुद्धभूषणची मान जी ताठ झाली ती टॅक्सीच्या छताला लागत होती. त्या संध्याकाळी अख्ख्या गॅलरीने अटकेची चौकशी केली आणि अख्ख्या गॅलरीला त्याने रजिस्टरची गोष्ट सांगितली.

ती ऐकून दत्ताराम आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या आईची पोथी होती. पोथीतून त्याने खुणेचं कार्ड काढलं. खवले मांजर. क्रमांक त्र्याहत्तर. कोपरे शाबूत.

बुद्धभूषणने आधी क्रमांक तपासला. मग, इतके महिने हे तुझ्याकडे होतं आणि तू बोलला नाहीस, अशा अर्थाचं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं.

"तू विचारलंस कुठे?" दत्ताराम म्हणाला. "तू विचारलंस, मुंबईत खंय मिळतला. माझ्याकडे आहे का असं तू एकदा तरी विचारलंस?"

रेकॉर्ड विभागाच्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. प्रश्न चुकीचा होता, उत्तर नियमाला धरून होतं.

"दे ना मग."

"देतो. पण आधी ससा."

बुद्धभूषणला ससा आठवेना. ज्याची नोंद नाही ते तो विसरतो. दत्तारामची आठवण मात्र जशीच्या तशी होती. पाचवीची दिवाळीची सुट्टी, ह्याच गॅलरीचा हाच कोपरा. दत्तारामकडे शेवटचं एकच कार्ड उरलं होतं, खवले मांजर. त्याने 'आयुष्य' मागितलं, कारण त्या बिचाऱ्या जनावराकडे तेवढंच होतं: वीस वर्षं. भूषणकडे ससा होता. ससा जगतो नऊ वर्षं. भूषणने कार्ड छातीशी धरून वाचलं, "नव्वद."

"नव्वद वर्षांचा ससा," दत्ताराम म्हणाला. "मी कार्ड घेऊन घरात पळालो, तुम्ही सगळ्यांनी मला रडका म्हणून चिडवलंत. मोठेपणी दोन वेळा राणीबागेत जाऊन विचारून आलो मरे मी. नव्वद वर्षांचा ससा कोणी बघितलेला नाही."

"दत्ता, छत्तीस वर्षं झाली."

"सशाच्या चार पिढ्या झाल्या. लिहून दे."

बुद्धभूषण घरात गेला. कालिंदी म्हणते की तो बराच वेळ कोऱ्या कागदासमोर बसून होता. चोवीस वर्षांत खोटी नोंद केली नाही हा त्याचा एकुलता एक मोठेपणा, आणि इथे नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीच त्याची सुरुवात खोट्या नोंदीने झालेली. पाटी डोळ्यासमोर आणली तर दिसत होती, पण तिच्यापुढे ससा बसला होता. अखेर त्याने लिहिलं: "मी, बुद्धभूषण यशवंत गमरे, असे लिहून देतो की, ससा नऊ वर्षे जगतो. मी नव्वद सांगितली ती माझी लबाडी होती. दत्ताराम रडका नव्हता." खाली सही केली, दिनांक घातला आणि तीन प्रती काढल्या. एक दत्तारामला, एक राधाबाईंना साक्षीदार म्हणून, एक स्थळप्रत म्हणून स्वतःकडे.

दत्तारामने कागद दोनदा वाचला. घडी घालून पोथीत, कार्डाच्या जागी ठेवला. त्याचे डोळे पाणावले होते असं राधाबाई म्हणतात. त्यांना स्वतःला मोतीबिंदू आहे. मग त्याने कार्ड दिलं आणि बुद्धभूषणने ते दोन्ही हातांनी घेतलं. दहा मिनिटांत त्याच्यावर शिक्का बसला होता आणि त्याला दोन भोकं पडली होती. दत्ताराम म्हणाला, "आता कशी ओळीत बसली सगळी," आणि दोघांनी मिळून टॅगची गाठ मारली.

प्रदर्शनाच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष हितेंद्रभाई टेबलं तपासत आले. हितेंद्रभाई गिरगावातले जुने संग्राहक. हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग. दुसऱ्या टेबलांवर कार्डं पारदर्शक पाकिटांत निजली होती, बाळंतिणीच्या खोलीतल्या बाळांसारखी. बुद्धभूषणच्या टेबलावर हिरव्या टॅगने बांधलेली जाडजूड फाइल होती. हितेंद्रभाईंनी ती उघडली आणि भिंग खाली ठेवलं.

"गमरेभाई, हे कोणी केलं?"

"मी स्वतः," बुद्धभूषण अभिमानाने म्हणाला. "एकाही भोकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही."

हितेंद्रभाईंना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी सांगितलं की टिंकूचा पूर्ण संच आजवर त्यांनी पाहिला नव्हता, देशात कोणाकडे असल्याचं ऐकलंही नव्हतं, आणि आता जे बघितलं ते बघायला नको होतं. भोकं पाडलेला संच ते प्रदर्शनात घेऊ शकत नाहीत.

अडचण आली की बुद्धभूषण नियमाला शरण जातो, ही त्याची सवय. त्याने खिशातून मंडळाचंच पत्रक काढलं. भोकांबद्दल चौदा नियमांत एक अक्षर नव्हतं. उलट नियम सहा म्हणत होता, "कार्डे सुटी ठेवू नयेत." त्याने सभागृहावर एक नजर फिरवली. पाकिटातलं प्रत्येक कार्ड सुटं होतं. नियम सहा पाळणारा संच इथे एकच आहे, तेव्हा कोणाला बाहेर काढायचं ते मंडळाने ठरवावं, असं तो अतिशय नम्रपणे म्हणाला.

समितीची बैठक जिन्यावर झाली, वीस मिनिटं चालली. तिथून हितेंद्रभाई हरलेल्या चेहऱ्याने आले आणि पाटीवाल्याला मजकूर सांगितला. अकरा वाजता ती टेबलावर लागली: 'बुद्धभूषण गमरे, घोडपदेव. संपूर्ण संच (भोकांसह)'. कंस बुद्धभूषणला मुळीच खटकला नाही. नोंद पूर्ण असावी, या मताचाच तो आहे. कालिंदीने पाटीबरोबर त्याचा फोटो काढला, मग दत्तारामबरोबर, मग दोघांचा फाइलसकट.

आणि लोक आले. बुद्धभूषणने टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाकडून तो सही घेत होता. पहिल्या दिवशी तीनशे बारा, दुसऱ्या दिवशी चारशे सहा. मंडळाच्या आधीच्या प्रदर्शनाला सगळे मिळून अठ्ठावन्न आले होते. हितेंद्रभाई दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः येऊन हात मिळवून गेले, तेही मोजे काढून. स्त्रीवर्गाने दिलेला प्रतिसाद तर मंडळाच्या इतिहासात अभूतपूर्व होता. अभिप्राय थोडक्यात पण मनापासूनचे होते: 'छान.' 'व्हरायटी भरपूर.' 'रंग पक्के वाटतात.' कालिंदी दोन्ही दिवस न चुकता आली आणि दुसऱ्या दिवशी तर हॉस्पिटलातल्या अकरा सिस्टरना घेऊन आली.

ती वही आता रीतसर जिल्द बांधून घरात दर्शनी जागी ठेवलेली आहे. सातशे अठरा सह्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला बुद्धभूषण ती दाखवतो आणि कोणी मोजायला बसलं तर त्याला अडवत नाही.

सभागृहाच्या मागच्या दालनात त्या दोन दिवशी साड्यांचा सेल होता, आणि तिकडे जायला दुसरा रस्ता नव्हता.